डाव्या कुशीवर

बसवनगुडीत, गांधी बझारच्या एका आडव्या गल्लीत सुधींद्र रावांचं मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येतात, काउंटरवर पसरतात, आणि रूपश्री मागच्या फळ्यांवरच्या शेकडो गठ्ठ्यांमधून नेमक्या त्या रंगाचं ब्लाउजचं कापड ओढून काढते. फॉल, अस्तर, पिको सगळं तिथेच. घराणं मराठी, पण म्हैसूर मुलखात कधी येऊन राहिलं ते घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. दुकानात कन्नड, घरात मराठी, आणि सुधींद्रच्या आई शारदाबाई यांच्या तोंडी दोन्हींची भेळ. "रूपा, स्वल्प थांब की गं, कॉफी घेऊन जा," असं त्या म्हणतात, आणि आपण दोन भाषा बोललो हे त्यांच्या गावीही नसतं.

रूपश्रीचं माहेर येलहंक्याला. लग्न होऊन इकडे आली तेव्हा भारी बडबडी होती, असं जुनी गिऱ्हाइकं अजून सांगतात. पैठणीवर मोरपंखी घालायचा की डाळिंबी, यावर ती बायकांशी हुज्जत घालायची, आणि तिचंच खरं व्हायचं. तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. पोटात कळा येत होत्या, तेव्हा तिने सगळ्यांना "थोडंसं दुखतंय" एवढंच सांगितलं होतं. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये गॅसचं औषध मिळालं. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. मुलगा होता.

त्यानंतर ती रडली नाही. शारदाबाई रडल्या, सुधींद्र दुकान बंद ठेवून तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला, येलहंक्याहून आई येऊन रडून गेली. रूपश्री चौथ्या दिवशी दुकानात उभी राहिली आणि एका बाईला बाटलीहिरव्या रंगाचं अस्तर कापून दिलं. लोक म्हणाले, धीराची आहे. तिला स्वतःला धीर वगैरे काही जाणवत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तसं तिला आतून वाटायचं. ती वाट पाहत राहिली की हे उतरेल. उतरलं नाही, आणि मग ती वाट पाहायचंही विसरली.

सदतिसाव्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिने सुधींद्रला ते रात्रीच्या जेवणात सांगितलं, सिलिंडर संपत आलाय म्हणावं तशा आवाजात. त्याच्या हातातला घास तसाच राहिला. शारदाबाईंनी उठून देवापाशी दिवा लावला. रूपश्रीने आमटी गरम करायला ठेवली.

या वेळी सुधींद्रने तिला जयनगरच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टर शाल्मली मूळच्या पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, सर्जापूर रोडवरून रोज गाडी हाकत येणाऱ्या. रूपश्रीने नेहमीच्या सवयीने कन्नडमध्ये सुरुवात केली, आडनाव ऐकून डॉक्टरांनी मराठीत उत्तर दिलं, आणि मग दोघींना एकमेकींची मराठी ऐकून जराशी गंमत वाटली. निदान डॉक्टरांना तरी वाटली.

पहिल्याच सोनोग्राफीत दोन गाठी दिसल्या.

"याला फायब्रॉइड म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "गर्भाशयाच्या स्नायूतच वाढलेली गाठ. कॅन्सर नव्हे. पुष्कळ बायकांना असते आणि कित्येकींना पत्ताही नसतो. तुमच्या दोन आहेत. उजवीकडची पुढच्या भिंतीवर आहे, मोठ्या मोसंब्याएवढी. दुसरी लहान, मागच्या भिंतीला. तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?"

"एक गाठ आहे म्हणाले होते. त्रास द्यायची नाही म्हणाले."

"बहुतेक वेळा देत नाही, हे खरंच आहे."

सुधींद्र खुर्चीत पुढे सरकला. "डॉक्टर, मागच्या वेळी जे झालं, ते यानेच का?"

"असेल, किंवा नसेल," डॉक्टर शाल्मली म्हणाल्या. "मी तेव्हा नव्हते, आणि आता ते शोधून काढायला काही मार्ग नाही. उगीच एक कारण हातात देणार नाही मी तुम्हाला. या वेळी मात्र आपण लक्ष ठेवू. दिवस राहिल्यावर या गाठी कधीकधी वाढतात. दुखू शकतात, बाळाला आडवं पाडू शकतात, बाळाला रक्त पुरवणारी वार गाठीवर बसली असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि कित्येकींना यातलं काहीच होत नाही." मग त्या रूपश्रीकडे वळल्या. "दुखलं तर सांगायचं. किती दुखतंय ते खरं सांगायचं."

"सरी, बरं," रूपश्री म्हणाली.

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. पांढऱ्या-काळ्या धुक्यात काहीतरी लुकलुकत होतं. "बघायचंय?"

"नको. तुम्ही बघा."

घरी परतताना रिक्षात सुधींद्र काहीबाही बोलत होता. ती बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होती.

श्रावणात वरमहालक्ष्मीचा सण आला. बंगळूरमधल्या बायका त्या दिवशी सवाष्णींना ब्लाउजपीस देतात, त्यामुळे आधीचा आठवडा दुकानात उभं राहायला जागा नसते. सुधींद्रने बायकोसाठी काउंटरमागे एक उंच स्टूल आणून ठेवलं होतं. रूपश्रीला पाचवा महिना लागत होता. पोट मात्र सहाव्याचं दिसत होतं. तेही गाठींमुळेच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दुपारी एका गिऱ्हाइकाला जांभळ्याच्या तीन छटा दाखवताना तिच्या उजव्या कुशीत कुणीतरी आतून चिमटा घेतला. तिने दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने तो चिमटा सुटायचं नाव घेईना. तिने एक हात पोटावर धरला आणि दुसऱ्या हाताने कापड मापलं. मग मळमळून तोंडात पाणी आलं, मागच्या मोरीत जाऊन ती ओकली, आणि परत येऊन स्टुलावर बसली.

"अक्का, बरं नाही का?" गिऱ्हाईक बाईने विचारलं. "चेहरा अगदी पांढरा पडलाय."

"काही नाही. थोडंसं दुखतंय."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिच्याच कानांवर आले. तिला भीती वाटली नाही. फक्त तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आपण पूर्वी एकदा म्हटलं होतं. ती उठली, गल्ल्यापाशी बसलेल्या सुधींद्रकडे गेली आणि म्हणाली, "अहो, हॉस्पिटलला जायचं. आत्ता."

त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दुकान बायकांनी भरलेलं तसंच टाकून शेजारच्या फुलवाल्याला हाक मारली, "स्वल्प नोडकोळ्ळी," जरा लक्ष ठेवा, आणि रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात तिला आडवं केलं. अंगात थोडा ताप होता. रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या. डॉक्टर प्रदीपकुमार नावाचे तरुण सर्जन आले. त्यांनी पोट चाचपलं. उजव्या बाजूला बोट टेकताच रूपश्रीचे गुडघे आपोआप वर आले.

"अपेंडिक्स असावं," ते कन्नडमध्ये सुधींद्रला म्हणाले. "उलटी, ताप, उजवीकडे दुखणं, सगळं जुळतंय. गरोदरपणात अपेंडिक्स फुटलं तर बाळ आणि आई दोघांनाही धोका. थांबून चालणार नाही. ऑपरेशनची तयारी ठेवतो. पण यांच्या डॉक्टरांनाही बोलावलंय."

सुधींद्रने मध्येच विचारलं, "आणि बाळ?"

प्रदीपकुमार प्रामाणिक होते. "भूल आणि ऑपरेशन म्हटलं की थोडा धोका असतोच."

रूपश्री वर पंख्याकडे बघत होती. हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी पोटाबद्दल चाललंय, असं तिला वाटत होतं. दुखणं मात्र तिचंच होतं. ते उजव्या कुशीत घट्ट बसलं होतं, आणि त्या बधिर अंगात तेवढीच एक जागा जिवंत होती.

डॉक्टर शाल्मली ओपीडी अर्धी सोडून आल्या. सर्जनचं म्हणणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पलंगापाशी आल्या.

"रूपश्री, एका बोटाने दाखवा. सगळ्यात जास्त कुठे?"

तिने दाखवलं. डॉक्टरांनी त्याच जागी आपलं बोट ठेवलं, हलकेच दाबलं. रूपश्रीने श्वास आत ओढला.

"आता मी बोट इथून हलवणार नाही. तुम्ही हळूहळू डाव्या कुशीवर वळा. घाई नको."

सिस्टरने पाठीला आधार दिला. रूपश्री वळली. पोट जड ओझ्यासारखं डावीकडे कललं. डॉक्टरांचं बोट होतं तिथेच होतं.

"आता इथे दुखतंय?"

इतकी वर्षं तिला कुणी काही विचारलं की ती आधी समोरच्याला काय बरं वाटेल ते शोधायची. आता ती आपल्या पोटात शोधत होती.

"इथे नाही एवढं," ती म्हणाली. "ते सरकलं. इकडे आलं, मध्याकडे."

"नक्की?"

"नक्की. खूप दुखतंय, डॉक्टर. पण इकडे."

डॉक्टर शाल्मलींनी प्रदीपकुमारांकडे पाहिलं. "अपेंडिक्स असतं तर दुखणं बहुधा जागचं हललं नसतं. हे गर्भाशयाबरोबर सरकतंय. मला वाटतं, गाठच आहे. पण नुसत्या बोटाच्या भरवशावर नको. आधी सोनोग्राफी करू, आणि तिच्यात अपेंडिक्स दिसलं नाही तर एमआरआय."

"पण उशीर..." प्रदीपकुमार म्हणाले.

"तुम्ही इथेच थांबा. एमआरआयमध्ये काही निघालं तर लगेच आत घेऊ. त्याला माझी ना नाही."

सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही, ते गर्भाशयाच्या मागे कुठेतरी दडलं होतं. गाठ मात्र दिसली. मागच्या खेपेपेक्षा फुगलेली, आणि जिथे पूर्वी एकसारखी करडी होती तिथे आता मध्ये काळे पोकळ डाग. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं बटण दाबल्यावर गाठीच्या कडेने लाल-निळ्या रेघा चमकल्या, आत काहीच नाही. डॉक्टरांनी यंत्राचं टोक बरोबर गाठीवर दाबलं तेव्हा रूपश्री कळवळली. त्याच्या बाजूला दाबलं तेव्हा नाही. मग तिला एमआरआयच्या मोठ्या नळकांड्यात सरकवलं. आत यंत्र ठोकत राहिलं आणि ती डोळे मिटून पडून राहिली. अपेंडिक्स अगदी व्यवस्थित निघालं. ऑपरेशन रद्द झालं, आणि ते सुधींद्रला सांगायला प्रदीपकुमार स्वतः बाहेर गेले.

संध्याकाळी वॉर्डात सलाइन चालू असताना डॉक्टर शाल्मली तिच्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"गाठ भराभर वाढली आणि तिला वाढीइतकं रक्त पुरेना. त्यामुळे ती आतून मरायला लागली. मरताना ती अशी दुखते, ताप आणते, उलट्या करवते. वेदनाशामक, सलाइन, विश्रांती, एवढंच करायचं. काही दिवसांत उतरेल. बाळाचे ठोके उत्तम आहेत."

रूपश्रीने ते मनात नीट लावून घेतलं. "म्हणजे माझ्या पोटात काहीतरी मरतंय, आणि ते बाळ नाही."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "बाळ नाही."

दाराशी उभा असलेला सुधींद्र हे ऐकून भिंतीला टेकला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. पलीकडच्या पलंगावरच्या बाईने आपल्या नवऱ्याला त्याच्यासाठी पाणी घेऊन पाठवलं. रूपश्री त्याच्याकडे पाहत राहिली. आपल्यालाही असं काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग सिस्टरला सलाइनची बाटली संपत आल्याचं सांगितलं.

दुखणं आठवड्याभरात गेलं. त्यानंतरचे महिने घरातच गेले. बुल टेंपल रोडमागच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शारदाबाई तिला सरबत, कोसंबरी, मऊ भात असं काहीबाही आणून द्यायच्या आणि समोर बसून ती खाते की नाही ते बघायच्या. पाळण्याचा विषय त्यांनी काढला नाही. डोहाळेजेवणाबद्दल येलहंक्याहून विचारणा झाली तेव्हा "आधी बाळ हातात येऊ दे, मग काय ते कौतुक," असं फोनवर परस्पर सांगून टाकलं.

दर खेपेच्या तपासणीत डॉक्टर शाल्मलींचं एकेक नवीन वाक्य असायचं. वार मागच्या भिंतीवर आहे, अगदी दुसऱ्या गाठीवर. बाळाची वाढ जरा मागे आहे, पण वाढतंय. बाळ आडवं आहे, उजवीकडच्या गाठीने त्याची वाट अडवली आहे, वळलं तर बरं, नाही तर सिझेरियन. रूपश्री प्रत्येक वाक्याला "सरी" म्हणायची. पडदा तिच्याकडे वळवायचा की नाही, हे डॉक्टर आता विचारत नसत.

आठव्या महिन्यात रक्ताचा एक लहानसा डाग दिसला. दोन दिवस भरती करून बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि घरी सोडलं. जाताना डॉक्टरांनी तिघांनाही समोर बसवलं.

"वार गाठीवर बसलीय, म्हणजे तिची पकड कच्ची. ती वेळेआधी सुटू शकते. रक्त दिसलं, किंवा पोट लाकडासारखं कडक झालं आणि सैल पडेना, तर फोन करून विचारत बसू नका. निघा."

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. कडलेकाई परिषे म्हणतात तिला. मोठ्या नंदीच्या देवळापुढचा सगळा रस्ता शेंगांच्या ढिगांनी भरून जातो आणि वाहनं बंद होतात. त्या सोमवारी सकाळी रूपश्री खिडकीशी बसली होती. खालून पिपाण्यांचा गलबला आणि भाजक्या शेंगांचा वास एकत्रच येत होता. तिचा हात सहज पोटावर गेला. पोट कडक होतं. ती सैल पडायची वाट पाहू लागली. खालून एक फुगेवाला आला आणि निघून गेला. पोट तसंच होतं.

मग तिला मांडीवर ओल लागली.

"आई," तिने हाक मारली.

शारदाबाई भाजी निवडता निवडता आल्या. "काय गं? दुखतंय?"

"हो."

"थोडं की जास्त?"

"जास्त," रूपश्री म्हणाली. "खूप, आई. आणि रक्त जातंय."

शारदाबाईंनी सुधींद्रला फोन केला, सुनेच्या खांद्यावर शाल टाकली, आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई जिना उतरताना तिच्या पुढे एकेक पायरी उलटी उतरली, तिचा तोल गेला तर धरता यावं म्हणून. सुधींद्र दुकानातून गर्दी कापत धावत आला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा येईना. रस्ताभर शेंगांची पोती. त्याने एका पोलिसाला गाठलं, पोलिसाने शिट्टी फुंकली, आणि गावाकडून आलेल्या शेंगावाल्या बायांनी बघता बघता आपापले ढीग ताडपत्रीसकट ओढून बाजूला घेतले. एकीने रूपश्रीच्या गालाला हात लावला आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली, देवाचं नाव असावं. पोलिसांच्याच जीपमधून ते हॉस्पिटलला पोचले.

पोटाला पट्टे लावले. बाळाचे ठोके ऐकू येत होते, मधूनच मंदावत होते. डॉक्टर शाल्मलींनी पोटावर हात ठेवला, पडद्यावर एकदा नजर टाकली आणि म्हणाल्या, "वार सुटतेय. चला, आत."

कण्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं. एवढंच काय ते शिल्लक राहिलं होतं, असं तिच्या मनात आलं, आणि स्वतःच्या या विचाराचं तिला हसूही आलं नाही. हिरव्या पडद्यापलीकडे हालचाल होती. गाठ टाळून नेहमीपेक्षा वर छेद घ्यावा लागणार, असं डॉक्टर कुणाला तरी सांगत होत्या. मग ओढाताण, आणि एक बारीक, चिडका आवाज.

"मुलगी," कुणीतरी म्हणालं. एक लालसर, सुरकुतलेला चेहरा तिच्या गालाजवळ आला आणि तसाच घाईने दूर नेला गेला.

त्यानंतर पडद्यापलीकडचे आवाज बदलले. वाक्यं तुटक झाली. "आकसत नाही." "अजून एक इंजेक्शन." "बलून आणा. रक्त मागवा, आणखी." गर्भाशय गाठींमुळे नीट आकुंचन पावत नव्हतं आणि रक्त थांबत नव्हतं, हे तिला नंतर कळलं. त्या वेळी तिला फक्त थंडी वाजत होती. भूलतज्ज्ञाने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "आता झोपवतो तुम्हाला." त्यानंतरचं तिला आठवत नाही.

गर्भाशय वाचलं. तीही वाचली. गाठी मात्र तशाच ठेवल्या होत्या. अशा वेळी त्या काढायला जाणं म्हणजे आगीत तेल, असं डॉक्टर शाल्मलींनी सुधींद्रला सांगितलं. त्या हळूहळू आकसतील, पुढे बघू.

मुलगी काचेच्या पेटीत. पायाला पट्टी, तिच्यावर आईचं नाव. दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून रूपश्रीला तिथे नेलं. सुधींद्र काचेला नाक लावून उभा होता. "बघ ना," तो म्हणत होता, "बघ, बोटं बघ." तिने बोटं पाहिली. व्यवस्थित होती. ती रोज तिथे जायला लागली, दूध काढून द्यायला लागली, मुलीला छातीशी उघड्या अंगावर धरून बसायला लागली. सिस्टर सांगत ते सगळं ती न चुकता करायची. सिस्टर तिचं कौतुक करायच्या. मुलीचं वजन वाढलं, ती घरी आली, शारदाबाईंनी तिचं नाव आसावरी ठेवलं, येलहंक्याहून माणसं आली, पेढे वाटले. त्या सगळ्यात रूपश्री आपल्याच घरी पाहुणी म्हणून आल्यासारखी वावरत होती.

संक्रांतीच्या आसपास तपासणीसाठी ती एकटीच गेली. डॉक्टर शाल्मलींनी टाका पाहिला, सोनोग्राफी केली. मोठी गाठ लिंबाएवढी उतरली होती. दूध येतं का, झोप होते का, असं विचारून त्या हात धुवायला वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आणि बाकी?"

"ठीक."

नळ बंद झाला. रूपश्री अजून तपासणीच्या पलंगावरच होती. आपण पुन्हा तेच करतोय, एवढं तिच्या लक्षात आलं.

"ठीक नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "मला काही वाटत नाही. मुलगी रडली तर उचलते. दूध देते. पण काही वाटत नाही. सगळे मला विचारतात, किती आनंद झाला असेल. मी हो म्हणते."

डॉक्टर शाल्मली हात न पुसताच येऊन स्टुलावर बसल्या. "कधीपासून?"

"हिच्या वेळी नाही. पहिला गेला तेव्हापासून."

डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले. खाणं, झोप, काम सुचतं का. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं कधी मनात येतं का. त्या प्रश्नाला रूपश्रीने विचार करून नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. प्रश्न त्याच आवाजात विचारले गेले ज्या आवाजात त्यांनी ऑगस्टमध्ये "इथे दुखतंय?" विचारलं होतं, म्हणून असेल, तिला उत्तरं देणं जड गेलं नाही.

"मी तुम्हाला माझ्या एका सहकारी डॉक्टरकडे पाठवते," त्या शेवटी म्हणाल्या. "काव्या नाव तिचं. मनाची डॉक्टर आहे, वरच्याच मजल्यावर बसते. हे तिच्या कामाचं आहे. मला आधीच विचारायला हवं होतं. तुम्ही पडदा बघायला नको म्हणत होतात, ते मी बघत होते."

घरी येऊन तिने शारदाबाईंना सांगितलं. त्या आसावरीला पायांवर घेऊन तेल चोळत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, तेलाचा हात थांबवला नाही.

"जा त्या डॉक्टरणीकडे," त्या म्हणाल्या. "आणि वाटायची घाई करू नको, रूपा. पोरीला तुझं दूध लागतं, ते मिळतंय. बाकीचं येईल तेव्हा येईल. तोवर मला वाटतंय ना, पुरे की."

डॉक्टर काव्यांकडे ती दर आठवड्याला जाऊ लागली. त्यांनी बाळाला चालतील अशा गोळ्या दिल्या. पहिल्या काही खेपांना ती दुकानाबद्दलच बोलली, कुठला रंग कशावर उठतो याबद्दल. एकदा बोलता बोलता तिने मुलाचं नाव काय ठेवायचं ठरवलं होतं ते सांगितलं. सुधींद्रलाही ते ठाऊक नव्हतं. तेव्हा डोळ्यांतून थोडं पाणी आलं. फार नाही. ती रुमाल शोधू लागली तोवर थांबलंही.

फेब्रुवारीत ती मुलीला घेऊन माहेरी गेली. येलहंक्याच्या हवाई तळावर तेव्हा विमानांची प्रदर्शनं चालली होती आणि सकाळपासून आकाश फाटत होतं. सगळं घर गच्चीवर. आईने तिलाही वर बोलावलं. ती आसावरीला घेऊन जिना चढली, आणि त्याच वेळी तीन विमानं एकदम डोक्यावरून गेली. घरं हादरली. गच्चीवरच्या सगळ्यांनी माना वर केल्या, कुणी ओरडलं, कुणी टाळ्या वाजवल्या.

रूपश्रीने वर पाहिलं नाही. तिने मुलीचा एक कान छातीशी दाबून धरला होता आणि दुसऱ्यावर तळहात. आसावरी रडली नाही. तोंड अर्धवट उघडं ठेवून ती आईच्या हनुवटीकडे टक लावून बघत होती. आपल्याला काही वाटतंय की नाही, हे रूपश्रीने त्या वेळी तपासून पाहिलं नाही. विमानं वळून परत येत होती. ती पाठमोरी झाली, पदर मुलीच्या डोक्यावरून घेतला, आणि आईला म्हणाली, "आम्ही खाली जातो. हिला भूक लागली असेल."